चर्चच्या साउंडवर नव्यानं बसणाऱ्यांसाठी: रविवारची तयारी आणि बिघाडाचा शोध

चर्चमध्ये साउंडवर बसायची जबाबदारी बहुतेक ठिकाणी तरुण संघातल्या कुणावर तरी येऊन पडते. आधी सांभाळणारा नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेला, म्हणून मग "तुला मोबाईल-कॉम्प्युटरमधलं कळतं ना, बस तिथं" एवढ्यावर नेमणूक होते. शिकवायला कुणी नसतं. माईक कोकलला की शंभर माना एकदम मागे वळतात, आणि नवीन मुलगा घाबरून हाताला येईल तो फेडर (मिक्सरवरचं आवाजाचं सरकतं बटण) खाली ओढतो.

असं ज्यांच्यावर आलंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. आमचं चर्च मिशनकाळातलं, दगडी भिंतींचं, उंच उतरत्या छपराचं. अहिल्यानगर, पुणे, सातारा, मिरज या भागांत अशी चर्चेस बरीच आहेत आणि साउंडच्या दृष्टीनं ती अवघड असतात. पत्र्याच्या शेडमधल्या किंवा नव्या आरसीसी हॉलमधल्या मंडळीलाही इथलं बहुतेक सगळं लागू पडेल.

एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात पक्की ठेवा. शेवटच्या बाकावर बसलेल्या आजींना शास्त्रपाठातला शब्द न् शब्द कळला, तर तुमचं काम झालं. गाणी थोडी कमी-जास्त झाली तरी मंडळी आपल्या आवाजानं ती भरून काढते. वचन आणि उपदेश मात्र माईकशिवाय मागे पोचत नाही. म्हणून वेळ आणि पैसा दोन्ही आधी बोलण्याच्या माईकवर खर्च करा.

हाताशी काय हवं

चांगला हेडफोन (कान झाकणारा), साधा मल्टिमीटर, केबल टेस्टर, दोन जास्तीच्या एक्सएलआर केबल (माईकच्या तीन पिनांच्या), एक जास्तीचा साधा वायरवाला माईक, दोन डीआय बॉक्स (कीबोर्ड-गिटारचा आवाज मिक्सरला जुळवून देणारी डबी), नवे सेल, काळी टेप आणि कापडी टेप, पांढरा स्टिकर-पट्टा आणि मार्कर, टॉर्च, काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे. सोल्डरिंग येत असेल तर सोल्डरगन आणि चार-सहा एक्सएलआर पिना. कागदपत्रांत मिक्सर, ॲम्प आणि कॉर्डलेस माईकची बिलं, वॉरंटी कार्डं, मॅन्युअल, वायरमननं केलेल्या अर्थिंग तपासणीची तारीख आणि एक जाड वही.

१. आधी सगळी साखळी वहीत काढा

एखाद्या मोकळ्या शनिवारी जा. माईकपासून स्पीकरपर्यंत आवाज कसा जातो ते प्रत्येक वायर हातात धरून बघा आणि वहीत काढा: माईक, केबल, व्यासपीठावरचं सॉकेट किंवा स्नेक (अनेक माईकच्या तारा एकत्र नेणारी जाड केबल), मिक्सरचा चॅनेल, मिक्सरचं मेन आउट, ॲम्प्लिफायर, स्पीकर. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर लावा. मिक्सरवर पांढरा पट्टा लावून नावं लिहा: पुलपिट, शास्त्रपाठ, पेटी, तबला, गायनवर्ग १, गायनवर्ग २. उपासना नीट चालू असताना मिक्सरचा मोबाईलवर एक स्पष्ट फोटो काढून ठेवा. महिला मंडळाच्या सभेनंतर किंवा लग्नानंतर सगळी बटणं फिरलेली असतात, तेव्हा हाच फोटो कामाला येतो. डिजिटल मिक्सर असेल तर "रविवार" नावानं सीन (सगळ्या बटणांची जुळणी) सेव्ह करा आणि त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या.

स्पीकर कोणत्या प्रकारचे आहेत हेही याच वेळी बघा. आपल्याकडच्या पुष्कळ चर्चेसमध्ये आहुजाचा ॲम्प आणि भिंतीवर उभे कॉलम स्पीकर असतात. ते सहसा १०० व्होल्ट लाइनवर चालतात आणि प्रत्येक कॉलमच्या आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. अशा जोडणीत सगळ्या कॉलमच्या वॅटची बेरीज ॲम्पच्या वॅटपेक्षा कमी हवी. २० वॅटचे ६ कॉलम म्हणजे १२० वॅट, तर ॲम्प निदान १५० वॅटचा पाहिजे. ॲम्पच्या मागे ४ ओहम, ८ ओहम, १०० व्होल्ट असे वेगवेगळे स्क्रू असतात. १०० व्होल्टच्या स्क्रूवर साधा ८ ओहमचा स्पीकर कधीही जोडू नका. स्पीकर जळेल आणि ॲम्पही जाऊ शकतो. कुणी देणगी म्हणून नवे स्पीकर दिले की ही गफलत हमखास होते.

२. मिक्सर मंडळीत आणा

बऱ्याच ठिकाणी मिक्सर वेस्ट्रीत (पाळकांच्या खोलीत), खांबाआड किंवा पुलपिटाच्या बाजूला कोपऱ्यात असतो. जागा वाचते, वायर कमी लागते, पण तिथं बसणाऱ्याला मंडळीला काय ऐकू येतंय ते कळतच नाही. तो अंदाजानं आवाज वाढवतो आणि मागून कुणीतरी हातवारे करतं. पंच कमिटीला हे समजावून सांगा आणि मिक्सर मागच्या तिसऱ्या-चौथ्या बाकाच्या आसपास, शक्यतो मधल्या वाटेजवळ घ्या. अगदी भिंतीला चिकटून नको, तिथं खर्ज खोटा वाढलेला ऐकू येतो. वायर ओढायचा खर्च येईल, पण नव्या स्पीकरपेक्षा त्याचा उपयोग जास्त. ते जमत नसेल तर वाय-फायवरून टॅबनं चालणारा मिक्सर घ्या आणि टॅब घेऊन मंडळीत बसा.

३. वीज, अर्थिंग आणि चालू-बंद करायचा क्रम

चालू करताना आधी मिक्सर, कीबोर्ड, कॉर्डलेसचे रिसीव्हर, आणि सगळ्यात शेवटी ॲम्प किंवा पॉवर्ड स्पीकर (आतच ॲम्प असलेला). बंद करताना उलट: आधी ॲम्प, मग बाकीचं. हा क्रम चुकला की जो "धप्प" आवाज येतो तो स्पीकरच्या कॉइलवर बसतो.

लाइट गेली तर पहिली गोष्ट म्हणजे ॲम्पचं बटण बंद करा. जनरेटर सुरू होऊन अर्धा-एक मिनिट स्थिर होऊ द्या, मग पुन्हा क्रमानं चालू करा. डिजिटल मिक्सरला छोटा यूपीएस लावाच. लाइट गेल्यावर त्याला परत सुरू व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात प्रार्थना अर्धवट तुटते.

मिक्सर, ॲम्प, कीबोर्ड आणि व्यासपीठावरची साउंडची सॉकेट्स एकाच फेजवर, एकाच अर्थिंगवर घ्या. पंखे, ट्यूब आणि नाताळची रोषणाई यांची लाइन वेगळी ठेवा. हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या.

इशारा: हम (सलग गुणगुण) येतोय म्हणून प्लगची अर्थची जाड पिन काढून टाकायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो मानू नका. गिटारच्या ॲम्पला अर्थ नसेल आणि वाजवणाऱ्याचे ओठ माईकला लागले, तर त्याला शॉक बसतो, आणि असा शॉक जीवघेणा होऊ शकतो. माईकला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ती वस्तू तेव्हाच बंद करा. उपासना माईकशिवाय चालली तरी चालेल.

४. गेन आधी, फेडर नंतर

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथं गोंधळतो. चॅनेलवरची सगळ्यात वरची गोल नॉब म्हणजे गेन. माईकमधून किती आवाज आत घ्यायचा ते ती ठरवते. खालचा सरकता फेडर आत आलेल्या आवाजातला किती बाहेर सोडायचा ते ठरवतो. गेन कमी ठेवून फेडर वर ढकलला की सूं-सूं वाढते. गेन जास्त ठेवला की आवाज फाटतो, आणि फेडर कितीही खाली आणला तरी तो फाटकाच राहतो.

फेडर पूर्ण खाली ठेवा. बोलणाऱ्याला माईकवर खऱ्या आवाजात बोलायला सांगा. "हॅलो, माईक टेस्टिंग" नको, कारण ते सगळेच दबक्या आवाजात म्हणतात. एखादं स्तोत्र मोठ्यानं वाचायला सांगा. त्या चॅनेलचं पीएफएल किंवा सोलो बटण (फक्त तोच चॅनेल मीटरवर आणि हेडफोनवर देणारं) दाबा आणि मीटर बघत गेन वाढवा. साध्या मिक्सरवर बोलणं ० च्या आसपास राहावं आणि लाल दिवा लागू नये. डिजिटल मिक्सरवर सरासरी उणे १८ च्या जवळ आणि मोठ्यात मोठा आवाज उणे ६ च्या आत. गेन बसला की त्याला हात लावू नका. उपासनेत फक्त फेडर हलवायचा.

५. बोलण्याचा माईक

शास्त्रपाठाला कोण येतं ते आठवा. महिला मंडळातल्या एक मावशी, आवाज मुळात मऊ. चष्मा लावून बायबल उघडतात, मान खाली घालतात आणि माईकपासून हातभर लांब उभ्या राहून वाचतात. माईक त्यांच्या कपाळाकडे तोंड करून उभा असतो, कारण आधीचा निवेदक उंच होता. तुम्ही मागून फेडर वाढवत जाता, शिट्टीची चाहूल लागते, तुम्ही थांबता, आणि पाठ कुणालाच कळत नाही.

यावर उपाय मिक्सरवर नाही, व्यासपीठावर आहे. माईक आणि तोंड यातलं अंतर निम्मं झालं की माईकला मिळणारा आवाज ६ डेसिबलनं वाढतो, तोही शिट्टीचा धोका न वाढता. हातभरावरून वीतभरावर आणलंत तर मावशींचा आवाज आपोआप उभा राहतो. म्हणून गूजनेक माईक (वाकवता येणाऱ्या दांडीचा) वाचणाऱ्याच्या हनुवटीच्या खाली आणा, तोंड किंचित वर करून, बायबलच्या पानाच्या पलीकडून. पाठ सुरू व्हायच्या आधी एकानं पुढे जाऊन माईकची उंची लावून यावं. आमच्याकडे हे काम संडे स्कूलमधला मोठा मुलगा करतो. संकोच वाटायचं कारण नाही, दोन रविवारांत सगळ्यांना सवय होते.

वाचणाऱ्यांना तीन गोष्टी प्रेमानं सांगा: माईकवर टिचकी मारू नका, फुंकर मारू नका, आणि हातातला माईक धरायचा तर जाळीवर मूठ आवळू नका. जाळी झाकली की माईकला मागचाही आवाज यायला लागतो आणि तो शिट्टी मारतो.

आता मिक्सरवर. बोलण्याच्या प्रत्येक चॅनेलवर लो-कट बटण दाबा. ते साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं काढून टाकतं: पुलपिटावर पडलेला हात, चपलेचा आवाज, पंख्याचा वारा. मग २५० ते ४०० हर्ट्झ थोडं, ३-४ डेसिबल, कमी करा. दगडी इमारतीत घुमणारा भाग तोच असतो. शब्दांची धार २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते. तिथं लागलं तरच थोडंसं वाढवा, कारण शिट्टीही तिथंच लपलेली असते. खर्ज वाढवून पाळकसाहेबांचा आवाज "भारदस्त" करायचा मोह टाळा. समोरच्या बाकाला छान वाटतं, मागे नुसती घुमघुम पोचते. बोलण्यावर इको किंवा रिव्हर्ब तर कधीच नको. गाण्यानंतर इफेक्ट बंद करायची सवय लावून घ्या.

गूजनेक किंवा कॉलर माईक कंडेन्सर प्रकारचा असेल तर त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्ट फँटम पॉवर लागते. ते बटण दाबण्याआधी मेन फेडर खाली घ्या, नाहीतर मोठा ठोका बसतो. कॉर्डलेस कॉलर माईकला ती लागत नाही, त्याचं काम खिशातल्या ट्रान्समीटरच्या सेलवर चालतं.

६. शिट्टी: का होते आणि कशी बंद करायची

स्पीकरमधला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, वाढून परत स्पीकरमधून येतो आणि पुन्हा माईकमध्ये जातो. हे चक्र सुरू झालं की माईक कोकलतो. हे तोडायला पुढच्या क्रमानं जा. पुष्कळ जण सरळ शेवटच्या पायरीवर उडी मारतात आणि इक्वलायझर (वेगवेगळे सूर कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्या) खणून ठेवतात.

पहिली गोष्ट जागा. मुख्य स्पीकर माईकच्या पुढे, मंडळीच्या बाजूला हवेत. स्पीकर पुलपिटाच्या मागच्या भिंतीवर असतील तर बाकी कितीही करा, शिट्टी येणारच. स्पीकरचं तोंड समोरच्या भिंतीकडे नको, बाकांवरच्या माणसांकडे थोडं खाली झुकलेलं असावं. माणसं आवाज शोषतात, दगड परत फेकतो.

दुसरी गोष्ट मॉनिटर. गायनवर्गासमोरचा छोटा स्पीकर माईकच्या पाठीकडे ठेवा. साधा कार्डिऑइड माईक (मुख्यतः समोरचं ऐकणारा) अगदी मागून सगळ्यात कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइड असेल तर मॉनिटर थोडा बाजूला सरकवा, कारण त्याची बहिरी जागा तिरकी असते. माईकच्या डब्यावर चित्र असतं ते बघा.

तिसरी गोष्ट, जे माईक वापरात नाहीत ते बंद. चालू माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीच्या आधीची मोकळीक ३ डेसिबलनं घटते. उपदेश चालू असताना गायनवर्गाचे चार माईक उघडे असतील तर तुम्ही पाळकसाहेबांच्या आवाजातूनच कापताय. प्रत्येक घटकानंतर म्यूटचं बटण हाताशी ठेवा.

हे सगळं झाल्यावर इक्वलायझर. चर्च रिकामं असताना एकच माईक उघडा आणि फेडर सावकाश वाढवा. बारीक सूर धरू लागला की थांबा आणि तो कसला आहे ते कानानं ओळखा. आपल्या स्वरांवरून अंदाज बांधता येतो: "ऊ" सारखा वाटला तर २५० हर्ट्झच्या आसपास, "ओ" म्हणजे ५००, "आ" म्हणजे १०००, "ए" म्हणजे २०००, "ई" म्हणजे ४०००. त्या जागेची पट्टी ३ ते ६ डेसिबल खाली घ्या, फेडर आणखी थोडा वाढवा आणि पुढचा सूर पकडा. तीन-चार सूर कापले की थांबा. त्यापुढे कापत गेलात तर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. शेवटी फेडर तिथून ६ डेसिबल मागे घ्या. तुमच्या चर्चसाठी त्या माईकची हद्द तीच. स्टिकरवर खूण करून ठेवा.

उपासना चालू असताना शिट्टी आलीच तर मेन फेडर पूर्ण खाली ओढू नका. जो माईक आत्ता वापरात आहे त्याचाच फेडर चार बोटं खाली घ्या, मग उघडे राहिलेले बाकीचे माईक म्यूट करा.

७. पेटी, तबला, गायनवर्ग

पेटीचा माईक वरच्या जाळीपासून वीतभर अंतरावर, भात्याच्या बाजूला नको. तबल्याला एकच माईक असेल तर दोन्हींच्या मध्ये, वीतभर वर, दायाकडे थोडा कललेला. ढोलकीला बहुतेक वेळा माईकच लागत नाही. दगडी चर्चमध्ये ती आपोआप सगळीकडे पोचते, आणि तिला माईक लावला की गाण्याचे शब्द बुडतात. कीबोर्ड आणि गिटार डीआय बॉक्समधून घ्या. गायनवर्गात दोघा-तिघांत एक माईक पुरे. प्रत्येकाला आपला माईक हवा असतो, पण सहाव्या पायरीतला ३ डेसिबलचा हिशोब त्यांना समजावून सांगा.

मोबाईलवरून ट्रॅक लावायचा असेल तर फोन फ्लाइट मोडवर.

८. मागचे स्पीकर आणि डिले

चर्च लांब असेल आणि मध्यावर आणखी स्पीकर लावले असतील, तर मागच्या बाकांना तोच शब्द दोनदा ऐकू येतो: आधी जवळच्या स्पीकरमधून, मग पुढच्या मुख्य स्पीकरमधून. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळजवळ ३ मिलिसेकंद. मधले स्पीकर मुख्य स्पीकरपासून १५ मीटरवर असतील तर त्यांना ४४ मिलिसेकंद उशीर द्या आणि वर १० ते १५ आणखी. मग आवाज पुलपिटाकडूनच येतोय असं कानाला वाटतं. डिजिटल मिक्सरच्या आउटपुटवर ही सोय असते. मोजपट्टी घ्या, अंदाजानं करू नका.

रिकाम्या चर्चमध्ये लावलेला आवाज भरलेल्या चर्चमध्ये कमी घुमतो आणि कमी वाटतो. म्हणून शनिवारच्या सरावात घुमतंय म्हणून घाबरू नका, आणि पहिल्या गीतानंतर एकदा मागपर्यंत चालत जाऊन ऐका.

९. कॉर्डलेस माईक

प्रत्येक उपासनेला नवे सेल. रिसीव्हरवर बॅटरीच्या दोन काड्या दिसतायत म्हणून ढकलू नका. उपदेश लांबला की नेमकं आशीर्वादाच्या वेळी माईक जातो. चार्जिंगचे सेल चालतात, पण ते १.२ व्होल्टचे असल्यामुळे बऱ्याच माईकवरचा बॅटरीचा दिवा त्यांच्याबाबत चुकीचं सांगतो. त्यांना आदल्या रात्री पूर्ण चार्ज करायचा नियम ठेवा.

रिसीव्हर कपाटात किंवा ॲम्पच्या मागे कोंडू नका, माईकला तो समोर दिसला पाहिजे. दोन कॉर्डलेस एकाच फ्रिक्वेन्सीवर चालत नाहीत.

विकत घेताना फ्रिक्वेन्सी विचारा. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले माईक स्वस्तात मिळतात, पण २०२२ च्या लिलावात हा पट्टा मोबाईल सेवेसाठी गेला आहे आणि ५जी त्यावर चालतं. ८०० आणि ९०० मध्येही मोबाईलच्या लहरी आहेत. दुकानात उत्तम चाललेला माईक टॉवरशेजारच्या चर्चमध्ये फरफरतो. खालच्या ५००-६०० च्या पट्ट्यातला, फ्रिक्वेन्सी बदलता येणारा घ्या आणि चर्चमध्ये लावून बघितल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. पुलपिटाला मात्र वायरवालाच माईक ठेवा.

१०. बिघाड शोधायची रीत

पहिल्या पायरीत काढलेली साखळी समोर घ्या आणि मधोमध तोडा. मधली जागा म्हणजे मिक्सर.

*आवाजच येत नाही.* माणूस बोलत असताना चॅनेलचा मीटर हलतो का? हलत नसेल तर बिघाड माईककडे: माईकचं बटण, सेल, केबल, फँटम. केबल बदला, नाही आला तर माईक बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या की नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. मीटर हलत असेल तर बिघाड पुढे: म्यूट, फेडर, आणि साध्या मिक्सरवर फेडरशेजारचं मेनला जोडणारं छोटं बटण. ते न दाबल्यामुळे अर्धा तास गेलेली माणसं मी पुष्कळ बघितलीत. डिजिटलवर चुकीचा लेअर (फेडरचा दुसरा गट) उघडा आहे का, किंवा फेडर मॉनिटरच्या मोडमध्ये अडकलेत का ते बघा. मेनचा मीटर हलतोय आणि तरी आवाज नाही, तर ॲम्पवर जा.

*सलग "हम्म्म" येतोय.* मिक्सरच्या सगळ्या इनपुट पिना काढा. हम गेला तर एकेक परत लावा, ज्याला परत येईल ते दोषी. लॅपटॉप असेल तर त्याचा चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा तोच निघतो. अशा वेळी मधे डीआय बॉक्स लावून त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण (फक्त आवाजाच्या वायरीतली जाळी तोडणारं, प्लगची अर्थ पिन नव्हे) दाबा. सगळं काढूनही हम राहिला तर तो मिक्सर आणि ॲम्पच्या मधल्या वायरीत किंवा अर्थिंगमध्ये आहे.

*"झर्रर्र" असा बोचरा आवाज.* पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमर, एलईडीच्या माळा एकेक बंद करत जा. माईकची केबल विजेच्या वायरीला समांतर गेली असेल तर वेगळी करा. एकमेकींना ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

*खरखर, मधेच तुटतो.* केबल टोकाशी हलवून बघा. एक्सएलआरमध्ये १ नंबरच्या पिनेवर जाळी, २ आणि ३ वर आवाजाच्या दोन तारा असतात. त्यातली एक तुटली की आवाज बारीक होतो किंवा जातो. नॉब फिरवताना खरखरत असेल तर काँटॅक्ट क्लीनर मारा. उंदरांनी कुरतडलेली वायर टेप गुंडाळून चालवू नका, बदला.

*आवाज फाटतोय.* चॅनेलचा गेन, मग मेनचा मीटर, मग ॲम्पचा क्लिप दिवा (आवाज मर्यादेबाहेर गेल्याचा), या क्रमानं बघा. कुठंच लाल नाही आणि एकाच स्पीकरमधून फाटतोय, तर तो स्पीकर गेला.

पाच मिनिटांत सापडलं नाही तर शोध थांबवा. जास्तीचा वायरवाला माईक आणि केबल थेट मिक्सरला लावून पाळकसाहेबांसमोर उभा करा. बाकीचं उपासनेनंतर.

११. सणाचे दिवस आणि परवानगी

उत्तम शुक्रवारी सात उद्गारांवर बोलायला बहुधा सात वेगळी माणसं येतात, प्रत्येकाची उंची आणि आवाज वेगळा. तीन तासांची उपासना, उन्हाचे दिवस, पंखे पूर्ण वेगात. आदल्या दिवशी यादी घ्या, प्रत्येकाच्या नावासमोर फेडर कुठं ठेवायचा ते लिहा आणि माईकची उंची लावायला एक माणूस पुढच्या बाकावर बसवा.

नाताळच्या नाटकात लहान मुलांच्या हातात माईक देऊ नका. त्यांचे संवाद आधी ध्वनिमुद्रित करा किंवा स्टेजच्या काठावर दोन बाउंड्री माईक (सपाट, जमिनीवर ठेवायचे) ठेवा.

बाहेर स्पीकर लावायचा असेल तर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. राज्य सरकार वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. त्या वर्षीच्या यादीत नाताळ आणि ३१ डिसेंबर आहेत का ते जिल्हाधिकारी कार्यालयात आधी बघा. वॉचनाइटच्या (३१ डिसेंबरच्या रात्रीच्या) उपासनेला बाहेरचे स्पीकर बंद, आवाज चर्चच्या आतच. ईस्टरच्या पहाटेची उपासना दफनभूमीत किंवा मैदानात ६ च्या आधी सुरू होत असेल तर लाउडस्पीकरचा विचारच नको. लोकांना जवळ, अर्धवर्तुळात उभं करा आणि मोठ्या आवाजाचा वाचक निवडा. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. दवाखाना, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असेल तर आणखी कमी. परवानगीची प्रत वहीत चिकटवून ठेवा.

१२. लाइव्ह करत असाल तर

यूट्यूबला मेन आउट देऊ नका. चर्चमध्ये तबला आणि मंडळीचं गाणं माईकशिवाय ऐकू येतं, घरी बसलेल्यांना ते येत नाही. ऑक्सिलरीवर (मिक्सरच्या वेगळ्या आउटवर) वेगळं मिक्स करा, त्यात तबला जास्त घ्या आणि मंडळीकडे तोंड केलेला एक माईक फक्त लाइव्हसाठी ठेवा. आजारी माणसं घरून ऐकतात, त्यांना "आमेन" म्हणणारी मंडळीही ऐकू आली पाहिजे.

१३. पावसाळा आणि दुरुस्ती

जून ते सप्टेंबर माईक डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. मिक्सरवर प्लास्टिक नको, आत ओल धरते, सुती कापड टाका. आठवड्यात एकदा तासभर सगळं चालू ठेवा. कॉलमच्या मागे पाणी झिरपतं का ते पहिल्या मोठ्या पावसानंतर शिडी लावून बघा.

दुरुस्तीला वस्तू देताना "आवाज येत नाही" एवढंच सांगू नका. कोणत्या चॅनेलला, कोणत्या केबलवर, गरम झाल्यावर की सुरुवातीपासून, काय बदलून पाहिलं, ते कागदावर लिहून वस्तूला चिकटवा. मॉडेल आणि सीरियल नंबर वहीत उतरवा, फोटो काढा, पावती घ्या. परत आल्यावर दुकानातल्या टेबलावर ऐकून समाधान मानू नका. शनिवारी चर्चमध्ये लावा, तासभर चालवा, आणि मगच जुना ॲम्प कपाटात ठेवा.